पहिली जुडी मंदाची

प्रिय मंदा,

तुझी खोटी शपथ घेतली गं मी! तू गेल्यापासून तुला चार ओळी लिहाव्यात असं कधी सुचलं नाही, आणि आज कागद घेऊन बसले ती हे सांगायला. माझी नामपूरची आजी म्हणायची, मेलेल्या माणसाची शपथ खोटी घेतली तरी त्याला काही होत नाही. म्हणून तुझी घेतली. तुझ्या दादाची घ्यायला माझी छाती झाली नाही. उद्या त्यांना साधं पडसं झालं असतं तरी मी वेडी झाले असते.

पण शपथेवर भागलं नाही. पुढं आणखी एक खोटं बोलावं लागलं, आणि ते आता निभवायचं आहे. त्यात तुझी साथ लागेल. साथ द्यायला तू आहेस कुठं, असं मनात येतं, तरी लिहितेय. दुसऱ्या कोणापाशी बोलू? हे तोंड उघडत नाहीत, आणि बाकी ज्यांच्यापाशी बोलावं त्यांच्यापासूनच तर लपवायचं आहे.

मी लग्न होऊन या मळ्यात आले तेव्हा पहिली चेष्टा केलीस ती तू. मी तहानेनं व्याकूळ होऊन आमच्या नामपूरच्या बोलीत विचारलं, ‘पानी कोठे शे?’ आणि तू हसून हसून ओट्यावर बसलीस. पुढं महिनाभर मला बघितलं की ‘शे आली, शे आली!’ इतका राग यायचा! पण तुझ्या आईनं मला भाकरी जाड झाली म्हणून चार बायकांत सुनावल्यावर तूच माझ्या ताटात बसून ती जाड भाकरी मिटक्या मारत खाल्लीस. तेव्हापासून तू नणंद राहिली नाहीस.

तुझ्या आईचं आणि माझं तेव्हाही जमलं नाही, आताही नाही. मी त्यांना आत्याबाई म्हणते, पण आतून काय काय म्हणते ते तुला ठाऊक आहे. लेकी बोले सुने लागे! तुला म्हणायच्या, ‘मंदे, काम करायचं तर नीट करावं मानसानं,’ आणि डोळे माझ्याकडे.

मग तू देवळ्याला दिल्या घरी गेलीस, आणि वर्ष व्हायच्या आत परत आलीस. जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, शेतात उभं राहवत नाही. तुझ्या सासरच्यांनी तुला जीपमधून आणून अंगणात सोडलं, आणि तुझा नवरा चहाच्या कपाला न शिवता म्हणाला, ‘आजारी माल दिला तुम्ही.’ माल! मंदा, त्या दिवशी तू रडली नाहीस. आत जाऊन लुगडं बदललंस आणि मेथीच्या जुड्या बांधायला बसलीस. मला तुझं ते बसणं अजून दिसतं.

पुढं शाळेच्या पटांगणात हृदयतपासणीचं शिबिर भरलं, तेव्हा कुठं कळलं. लहानपणी घसा दुखून तुझे गुडघे सुजायचे ना, त्यातच हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टरांनी यंत्र लावून बघितलं आणि म्हणाले, झडप बदलावी लागेल, मुंबईला. तेव्हा आपल्याकडे ते ऑपरेशन होत नव्हतं. आत्याबाईंनी उभ्या जन्मात कसारा घाट उतरला नव्हता. त्यामुळे तुझ्यासोबत मी आले.

मुंबईचं मला फार आठवत नाही. आठवतो तो वॉर्डबाहेरचा बाक, आणि तू शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा म्हणालीस ते. ‘वहिनी, कान लाव.’ मी कान लावला. टिक, टिक, टिक. धातूची झडप आतून वाजत होती. मी घाबरले, आणि तू टाके सांभाळत हसलीस. ‘आता मला बाजारात वेळ विचारायला नको.’

घरी आल्यावर त्या आवाजानं सगळ्यांना वेड लावलं. दुपारी मळ्यात सामसूम असायची, आपण दोघी भाजी निवडत बसायचो आणि तू वाजायचीस. आत्याबाई आधी भ्यायच्या. मग त्यांना त्याची इतकी सवय झाली की स्वयंपाकघरातून ओरडायच्या, ‘मंदे, वाजतीस ना?’ आणि तू ओरडायचीस, ‘वाजतेय!’

डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं, रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, दर महिन्याला रक्ताची तपासणी, आणि पथ्य पाळा. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि पाठीमागे पेशंटची रांग. पथ्य पाळा म्हटल्यावर मी मान हलवली. आता तूच सांग, आपल्या घरात पथ्य म्हणजे काय गं? तेलकट बंद, आंबट बंद, वांगं बंद, आणि पालेभाजी खा! बाळंतिणीला पालेभाजी, तापातून उठलेल्याला पालेभाजी. पिढ्यान् पिढ्या भाजी पिकवून आपल्या गंगेवरच्या, नदीकाठच्या बाजारात विकणारी माणसं आपण. पालेभाजीच अपथ्याची असेल, असं आपल्यातल्या कोणाच्या स्वप्नात तरी येईल का?

आणि तुझी आई! नवीन वाफ्यातली पहिली जुडी देवीच्या फोटोपुढे ठेवायची, ही या घरची रीत. बाजारात जाईल ती दुसरी. तू आल्यावर त्यांनी ती रीतच बदलली. ‘देवीला काय, ती समजून घील. पहिली जुडी मंदाची. हिरवं खाल्लं की रगत वाढतं.’ कोवळी, पहाटेच्या दवातली मेथी. त्यानंतर शेपू, त्यानंतर पालक. एक वाफा संपला की दुसरा तयारच. महिन्याच्या तपासणीत रक्त घट्ट निघालं की गोळी वाढवून मिळायची, काय खाता ते कोणी विचारलं नाही. मी फोडणी द्यायची आणि त्यांनी समोर बसून तुला खायला घालायचं. मला सांगायला लाज वाटत नाही, मला तेव्हा हेवा वाटला. मी बाळंतीण होते तेव्हा मला पहिली जुडी कोणी दिली नव्हती.

तुला कोणी सांगितलं होतं का गं? मी चहाला खाली गेले होते तेव्हा एखाद्या नर्सनं? हा प्रश्न हल्ली मला खातो. कारण तू मधेच म्हणायचीस, ‘वहिनी, आज पिठलं कर ना.’ ‘वहिनी, तुझ्या नामपूरची कांद्याची चटणी कर ना.’ मला वाटायचं, तोंडाला चव नाही. पण पिठलं झालं तरी आत्याबाई शेजारी भाजीची वाटी ठेवायच्याच. तू त्या वाटीकडे बघायचीस, मग त्यांच्याकडे बघायचीस, आणि खायचीस. सासरहून परत आलेली लेक, आईच्या हातची भाजी नको म्हणेल कशी? पण मला सांगायचं होतंस! मी त्या वाट्या गुपचूप म्हशीला घातल्या असत्या. सांगायचं ना गं!

का तुलाही माहीत नव्हतं? देव करो आणि नसो.

मग एका हिवाळ्यात, मेथी अगदी भरात असताना, तुझा आवाज कमी झाला. दुपारी शेजारी बसलं तरी ऐकू येईना. तुझ्या आईनं तुझ्या छातीला कान लावला आणि त्यांचं तोंड उजळलं. ‘यंत्र अंगात बसलं! आता रगतात मिसळलं बघ. आता तुला कायबी व्हत नाय.’ त्यांनी नारळ फोडला. खोबरं वाटलं. आपण सगळ्यांनी खाल्लं मंदा, तूही खाल्लंस.

पुढं काय झालं ते लिहीत नाही. तू भांडी विसळत होतीस एवढंच लिहिते. शहरातल्या दवाखान्यात पोचेपर्यंत तू थंड पडली होतीस. डॉक्टर म्हणाले, झडपेवर रक्ताची गुठळी धरली, झडप अडकली. गोळ्या चुकल्या होत्या का? आत्याबाई छाती पिटत म्हणाल्या, ‘एक बी नाय वो! माझ्या हातानं द्यायचे मी!’ आणि खरंच एकही चुकली नव्हती. तेव्हापासून त्या एवढ्याच वाक्यावर जगल्या. गोळी चुकली नाही, खाण्यापिण्यात कमी केलं नाही, मग देवानंच नेली.

आता तुला इकडचं सांगते. गंगापूर रोड आता ओळखायची नाहीस. जिथं आपण शेवंती तोडायला जायचो तिथं बंगले झाले, आणि त्यांच्यातच एक हृदयाचा दवाखाना उभा राहिला आहे. मुंबईला व्हायचं ते सगळं तिथं होतं. पेठ-सुरगाण्याकडची, दिंडोरीकडची माणसं एसटीनं येतात आणि छाती उघडून, शिवून घरी जातात. आपल्या मळ्यातून त्याची पाटी दिसते. त्या पाटीकडे बघितलं की माझं डोकं फिरतं. थोडं आधी आला असता तर काय बिघडलं असतं त्याचं?

गेल्या महिन्यात आत्याबाईंना त्याच दवाखान्यात नेलं. छातीत कळ आली आणि वाफ्यातच बसल्या. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण तुझ्या दादाला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय फार थकलंय, किती ओढेल सांगता येत नाही.

वॉर्डात त्यांच्या शेजारच्या खाटेवर पेठकडची हिरा नावाची मुलगी होती. तुझ्याच वयाची, म्हणजे तू गेलीस त्या वयाची. दुपारी पंखा बंद पडला आणि सगळं शांत झालं. आत्याबाईंनी एकदम माझा हात धरला.

‘शोभे, आपली मंदा वाजतीय.’

मी ऐकलं. टिक, टिक, टिक. हिराच्या छातीतून. आत्याबाई उठून बसल्या, तिच्याकडे तोंड करून ऐकत राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून नुसती धार. त्या दिवसापासून हिरा त्यांची लेक झाली. आपल्या वाट्याचं केळंसुद्धा तिला.

मग आहार सांगणारी बाई आली. चांगली, शांतपणे बोलणारी. हिराच्या खाटेवर बसून तिला समजावू लागली. ‘ही गोळी चालू आहे तोवर मेथी, पालक, शेपू यांची चंगळ करायची नाही. खाल्ली तर थोडी, आणि नेहमी सारखीच. एकदम जास्त पालेभाजी पोटात गेली की गोळीचा असर जातो आणि झडपेवर गुठळी धरते. आणि झडपेचा आवाज कमी झाला तर तसंच इकडं यायचं, घरी बसायचं नाही.’

मी तिथंच उभी होते, हातात पाण्याचा तांब्या. माझ्या डोक्यात एकेक दार उघडत गेलं. पहिली जुडी. भाजीच्या वाट्या. फोडलेला नारळ.

बाई गेली. आत्याबाईंनी छताकडे बघत विचारलं, ‘आपल्या मंदाला बी हीच गोळी व्हती का गं?’

काय सांगणार होते मी? इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायला एक ‘हो’ पुरला असता. जाड भाकरीपासून सगळा! पण ते तोंड बघवेना. मी म्हणाले, ‘हे नवे लोक काहीही सांगतात आत्याबाई. मंदाला भाजीनं काही झालं नाही. तिची घटका भरली होती. मंदाची शपथ.’

त्यांनी मोठा श्वास सोडला. ‘तेच म्हनते मी. भाजीनं कुठं मानूस मरतं व्हय?’

आणि मला वाटलं, सुटले. किती शहाणी मी!

घरी सोडल्यावर दहा-बारा दिवसांनी त्यांना पुन्हा दाखवायला न्यायचं होतं. निघताना त्यांच्या मांडीवर एक डबा. मला वाटलं, स्वतःची भाकरी असेल. हिरा अजून वॉर्डातच होती, रक्त हवं तितकं पातळ होत नव्हतं म्हणून ठेवून घेतली होती. आत्याबाई डॉक्टरांच्याही आधी तिच्याकडे गेल्या आणि खाटेवर डबा उघडला. मेथीची भाजी. लसूण घातलेली, हिरवीगार, नव्या वाफ्यातली. माझ्या नकळत शेजारणीकडून करून घेतली होती.

‘मावशी, मला नको सांगितलीय भाजी,’ हिरा म्हणाली.

‘खा गं पोरी. काय व्हत नाय. माझ्या लेकीला बी अशीच झडप व्हती, पहिली जुडी तिचीच असायची. हिला इचार. हिनं शपथ घेतलीय.’

हिरानं माझ्याकडे बघितलं. ती पोर माझ्या तोंडाकडे बघत होती मंदा, आणि आतून वाजत होती. तिनं भाकरी मोडली. मी पुढं होऊन डब्यावर हात ठेवला.

‘नको, आत्याबाई.’

‘का?’

मी हात काढला नाही. भाजी अजून गरम होती, तिचा चटका तळव्याला बसत होता. आत्याबाई माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच माझा हात बाजूला केला, डब्याला झाकण लावलं आणि म्हणाल्या, ‘चल, नंबर लागंल.’

घरी येऊन त्यांनी ती भाजी म्हशीपुढे टाकली आणि डबा घासत बसल्या. घासला, पुन्हा घासला. संध्याकाळी तुझ्या दादाला म्हणाल्या, ‘मेथीचा वाफा मोड. झेंडू लाव तिथं.’ हे म्हणाले, ‘भरात आलाय, आई.’ तर म्हणाल्या, ‘मोड म्हनले ना.’

मग त्यांनी जेवण सोडलं. चहा तेवढा. कोणी काही विचारलं की ‘भूक नाय.’ गोळ्या उशाला तशाच. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही अशी ती बाई, आणि तिचा पीळ गेला होता. कोणीतरी आतून काढून घेतल्यासारखी भिंतीला टेकून बसायची. भांडायलाही उठत नव्हती गं!

गेल्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी खोल गेलेला.

‘शोभे, खरं सांग. मुंबईच्या डाक्टरनं भाजीचं सांगितलं व्हतं का?’

मला कोणी सांगितलं नव्हतं मंदा. तुला माहीत आहे. मी त्या माणसापुढे हात जोडून उभी होते आणि तो ‘पथ्य पाळा’ म्हणून पुढच्या पेशंटकडे वळला. पण मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथं एवढंच होतं, की माझ्या हातानं लेक मारली. असं मनात घेऊन ती म्हातारी मरणार होती.

मी म्हणाले, ‘हो. मला सांगितलं होतं. मी घरात सांगायला विसरले.’

हे दारात उभे होते. यांनी माझ्याकडे बघितलं. मुंबईहून आल्यावर डॉक्टरांचा शब्द न् शब्द मी यांना सांगितला होता, त्यामुळे यांना खरं ठाऊक होतं. हे चप्पल घालून मळ्यात निघून गेले.

मग आत्याबाईंचा तो जुना आवाज कुठून तरी वर आला. ‘इसरलीस? माझ्या लेकीचा जीव जायचा आन् तू इसरलीस? सटवे! मी तिला इख घालत राहिले आन् तू बघत राहिलीस!’ त्यांनी तांब्या फेकून मारला, लागला नाही. रडल्या, मला, माझ्या आईबापाला, माझ्या नामपूरला शिव्या दिल्या. आणि मग धाप लागून बसल्या आणि म्हणाल्या, ‘भाकर आन.’

अर्धी भाकरी खाल्ली त्यांनी. गोळी घेतली.

आता गावभर तेच आहे. सुनेनं डॉक्टरचं सांगणं लपवलं आणि नणंद मारली. शेजारणी माझ्याशी बोलायच्या थांबल्यात. माझी स्वतःची मुलगी परवा विचारत होती, ‘आई, खरं का गं?’ तिला काय सांगू? तिला खरं सांगितलं तर ते फिरून आजीच्या कानावर जाईल. म्हणून तिलाही म्हटलं, ‘हो.’ तिनं माझ्याकडे बघितलं ते तुझ्या नवऱ्यानं तुझ्याकडे बघितलं होतं तसं. हे मात्र फार लागलं गं. रात्रंदिवस लागतंय.

यातून काही चांगलं होणार नाही, हे मला कळतं. तू येणार नाहीस. त्या वाचणार नाहीत. त्या गेल्यावर तरी मला खरं सांगता येईल का? तेव्हा लोक म्हणतील, मेलेल्या सासूवर ढकलते. म्हणजे हे कायमचंच. दवाखान्याची पाटी समोर दिसत राहणार, झेंडू फुलत राहणार, आणि मी नणंदेला मारणारी भावजय म्हणून म्हातारी होणार. कधी कधी मनात येतं, जाऊन ओरडून सांगावं सगळं. मग त्या भाकरी मागतात, आणि मी ती नेऊन देते.

तर मंदा, तुला शब्द देते. त्या कितीही बोलल्या, चार माणसांत बोलल्या, मरताना बोलल्या, तरी ते वाक्य माझ्या तोंडून परत फिरणार नाही. भांडणात नाही, रागात नाही, मुलीपाशी नाही. तुझी शपथ. या वेळी खरी.

त्या आता लवकरच तुझ्याकडे येतील. आल्या आल्या विचारतील, त्यांना दम निघायचा नाही. तुला खरं काय ते माहीत असो वा नसो, तूही हेच सांग. म्हण, ‘हो आई, वहिनीच विसरली.’

तुझी,
शे वहिनी